गेम बॉय ॲडव्हान्सवरचे हे जपानी पैलवान नक्की कोण?

नवा_गडी

नमस्कार मंडळी. मित्राने त्याचा जुना गेम बॉय ॲडव्हान्स (निन्तेंदोचं हातात धरून खेळायचं गेम यंत्र) मला देऊन टाकला. आत 'फायर प्रो रेसलिंग' या कुस्तीच्या खेळाचं जपानी कार्ट्रिज होतं. आठवडाभर खेळतोय, दोन शंका आहेत.

एक म्हणजे, बटणं बडवून बडवून अंगठा सुजला, तरी पकड झाली की दर वेळी मीच उताणा. असं का होतं?

दुसरी शंका जास्त महत्त्वाची. पैलवानांची नावं शोधली तर कुठेच सापडत नाहीत, पण माणसं खरी वाटतात. एक ताडमाड उंच, सावकाश चालणारा, पाय सरळ वर करून लाथ घालतो. एक लांब हनुवटीचा. एक वाघाच्या मुखवट्यातला. एक शिंगंवाला, लाल पोशाखातला. हे कोण होते? जपानी रेसलिंगचा इतिहास वाचायचा तर सुरुवात कुठून करू?

सावध_पवित्रा

पहिल्या शंकेचं उत्तर देतो. बटणं बडवू नका. दोघं एकमेकांना भिडतात, क्षणभर खाली झुकतात, त्या क्षणी एकदाच दाबायचं. आधी दाबलं तर हरलात, उशीर झाला तरी हरलात. आणि सुरुवातीला हलकेच डाव टाका. समोरचा ताजातवाना असताना मोठा डाव टाकायला गेलात की तो उलटवतो आणि आपणच पडतो. दम घ्यायचं बटण आहे, तेही वापरत जा. थकलेला पैलवान या खेळात खरंच थकतो.

तिसरा_दोर

नवा_गडी, तुमची दुसरी शंका वाचून फार बरं वाटलं. मीही याच वाटेने आत आलो. आधी खेळ, मग माणसं.

फायर प्रोमध्ये नावं बदललेली असतात, पण चाल, चेहरा, डाव सगळं खऱ्या माणसांचं. उंच माणूस म्हणजे जायंट बाबा. तो आधी योमिउरी जायंट्स या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता. त्या लाथेला जपानमध्ये 'सोळा मोनची लाथ' म्हणतात. मोन हे तिथलं पादत्राणांचं जुनं माप. लांब हनुवटीचा तो अंतोनियो इनोकी. लहानपणी कुटुंबाबरोबर ब्राझीलला गेला होता. या दोघांचं रिंगमधलं पदार्पण एकाच दिवशी झालं, ३० सप्टेंबर १९६० ला. दोघंही एकाच गुरूचे चेले.

सुरुवात त्या गुरूपासून करा: रिकिदोझान. जन्म कोरियात, हे मात्र त्याच्या हयातीत बहुतेक जपानी चाहत्यांना माहीतच नव्हतं. सुमोमध्ये सेकिवाके या दर्जापर्यंत पोचला आणि १९५० मध्ये सुमो सोडून दिलं. १९ फेब्रुवारी १९५४ ला टोकियोच्या कुरामाए कोकुगिकानमध्ये तो आणि ज्युदोचा दिग्गज मासाहिको किमुरा असे दोघं मिळून शार्प बंधूंशी लढले. टीव्ही प्रसारण सुरू होऊन जेमतेम वर्ष झालेलं, घरात टीव्ही असणारे अगदी थोडे. म्हणून चौकाचौकात, स्टेशनांसमोर उंच खांबांवर टीव्ही लावले होते. शिंबाशी स्टेशनसमोरचा त्या वेळचा फोटो नक्की शोधून बघा. हजारो माणसं, सगळ्यांच्या माना वर, आणि सगळे बघतायत तो पडदा एवढासा. युद्ध हरून नऊ वर्षंही झाली नव्हती, आणि इथे एक आपला माणूस धिप्पाड परदेशी पैलवानांना कराटे चॉपने लोळवत होता. ती गर्दी का जमली हे मला कुणी वेगळं सांगावं लागलं नाही.

त्याच वर्षी २२ डिसेंबरला तोच किमुरा त्याच्यासमोर उभा राहिला. लढत बरोबरीत सोडवायचं ठरलं होतं, असं किमुरा पुढे सांगत राहिला. रिकिदोझानने त्याला मारून झोपवलं. मला रिकिदोझान कितीही आवडत असला तरी ती लढत बघताना दर वेळी किमुरासाठी जीव तुटतो.

डिसेंबर १९६३ मध्ये आकासाकातल्या एका नाइटक्लबमध्ये याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांतल्या एका माणसाने रिकिदोझानला भोसकलं. आठवड्याभरात तो गेला. मागे राहिले बाबा आणि इनोकी. काही वर्षं जोडीने लढले, मग १९७२ मध्ये दोघांनी आपापली चूल मांडली: इनोकीची कुस्ती कंपनी न्यू जपान, बाबाची ऑल जपान. तिथून दोन घराणी झाली म्हणा ना. इनोकीकडे 'स्ट्राँग स्टाइल', म्हणजे ही खरी झुंज आहे असं वाटलं पाहिजे हा हट्ट. त्याच हट्टापायी २६ जून १९७६ ला तो टोकियोच्या निप्पॉन बुदोकान सभागृहात बॉक्सर मुहम्मद अलीसमोर उतरला. १५ फेऱ्यांतला बराचसा वेळ जमिनीवर पडून अलीच्या पायांना लाथा मारत राहिला आणि लढत बरोबरीत सुटली. बाबाकडे वेगळी वाट. तिथे लढत सावकाश वाढत जाते आणि अखेरची १० मिनिटं बघणाऱ्याचा श्वास अडकतो. मिसावा, कावादा, कोबाशी आणि ताउए या त्याच्याकडच्या चौघा पैलवानांनी नव्वदच्या दशकात ती वाट कुठल्या कुठे नेली. ३ जून १९९४ ची मिसावा-कावादा लढत एकदा बघाच.

वाघाच्या मुखवट्यातला टायगर मास्क म्हणजे सातोरु सायामा. २३ एप्रिल १९८१ ला डायनामाइट किडविरुद्ध पहिल्यांदा उतरला आणि हलक्या वजनाच्या पैलवानांचं नशीबच पालटलं. लाल शिंगंवाला म्हणजे जुशिन लायगर. हा मूळचा ॲनिमेमधला नायक. तो २४ एप्रिल १९८९ ला टोकियो डोममध्ये प्रत्यक्ष रिंगमध्ये आला. आणि आता तारखा बघा: निन्तेंदोचा पहिला गेम बॉय जपानमध्ये विकायला आला २१ एप्रिल १९८९ ला. मधे फक्त ३ दिवस! त्याच वर्षी जूनमध्ये पहिला फायर प्रो पीसी इंजिन या घरगुती गेम यंत्रावर आला. तो ह्यूमन एंटरटेनमेंट या कंपनीचा, कर्ता मासातो मासुदा. पुढे ह्यूमन बुडाली आणि मालिका स्पाइक या कंपनीकडे गेली. २१ मार्च २००१ ला जपानमध्ये गेम बॉय ॲडव्हान्स आला, तेव्हा पहिल्याच दिवसाच्या खेळांत फायर प्रो होता.

माझा जीव या कार्ट्रिजवर का आहे ते सांगतो. बाबा आणि इनोकी उमेदवारीच्या काळात एकमेकांशी लढले होते. पण वेगळे झाल्यावर समोरासमोर कधीच नाही. २६ ऑगस्ट १९७९ ला बुदोकानमध्ये एकदा परत आले, तेही एकाच बाजूने, अब्दुल्ला द बुचर आणि टायगर जीत सिंगविरुद्ध. तेवढंच. जी लढत बघायला अख्खा जपान २०-२५ वर्षं थांबला होता ती मी अंथरुणात बसून लावली. दोन्ही बाजू मशीनकडे दिल्या आणि नुसता बघत राहिलो. या मॉडेलच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही, म्हणून टेबलावरचा दिवा खांद्यावर ओढला होता. यंत्र जरा तिरकं धरलं तरच रिंग दिसायची. इनोकी पाय धरून खाली खेचायचा, बाबा दोरांकडे सरकायचा. शेवटी पाठीवर चढून इनोकीने ऑक्टोपस होल्ड, म्हणजे हातापायांनी आवळून धरायची पकड, घातला आणि बाबा हार मानायला तयारच नाही! मी श्वास रोखून बसलो होतो. ते दोघं माझ्या नखाएवढे होते.

लाल_कोपरा

तिसरा_दोर, सुंदर लिहिलंत, पण बायका कुठे आहेत? या कार्ट्रिजमध्ये महिला पैलवानही आहेत आणि त्यांचा इतिहास पुरुषांच्या मागे लपवण्यासारखा मुळीच नाही. ऐंशीच्या दशकात चिगुसा नागायो आणि लायनेस आसुका यांच्या 'क्रश गर्ल्स' जोडीने शाळकरी मुलींना अक्षरशः वेड लावलं होतं. २८ ऑगस्ट १९८५ ला ओसाकात चिगुसा डंप मात्सुमोतोकडून हरली. अट होती हरणारीचे केस जाणार. भर रिंगमध्ये तिचं डोकं भादरलं आणि प्रेक्षकांतल्या मुली ओक्साबोक्शी रडत होत्या. ते रडणं एकदा ऐकलं की विसरता येत नाही. नवा_गडी, मिसावा-कावादाच्या आधी ही लढत बघा असं मी म्हणेन.

तिसरा_दोर

लाल_कोपरा, चूक मान्य. तो भाग सुटायला नको होता. माझं बघणं बाबाच्या बाजूने सुरू झालं, त्यामुळे नजर तिकडेच जाते.

नवा_गडी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सावध_पवित्रा यांचं ऐकून एकदाच बटण दाबलं. पहिली पकड जिंकली! चिगुसाची लढतही बघितली, आणि नंतर बराच वेळ झोप आली नाही.

एक विचारायचं राहिलं. मेनूत पैलवानाच्या नावापुढे टक्क्यांचे आकडे दिसतात, ते कशाचे? आणि जपानी वाचता येत नाही, तर काय करू?

तिसरा_दोर

भाषेचं सोपं आहे. याचं कार्ट्रिज अमेरिकेत इंग्रजीत निघालं होतं, दुसऱ्या भागाचंही. गेम बॉय ॲडव्हान्सला कुठल्याही देशाचं कार्ट्रिज चालतं. दुसरा भाग घ्या, पैलवान जास्त आहेत.

ते आकडे म्हणजे पैलवानाचा स्वभाव. यंत्र खेळत असताना कोणत्या वेळी कोणता डाव टाकण्याची शक्यता किती, ते तुम्ही ठरवायचं. मी मिसावावर एक अख्खी संध्याकाळ घालवली. आधी त्याला सगळे मोठे डाव सढळ हाताने दिले. तो कुणीही वाटायला लागला, मिसावा सोडून. मग खऱ्या लढती पुन्हा बघितल्या. तो माणूस मार खात राहतो, चेहऱ्यावर काही दिसू देत नाही, आणि कोपराने उत्तर देतो. परत आकडे बदलले: कोपर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ३० च्या आसपास, आणि टायगर ड्रायव्हर हा त्याचा मोठा डाव समोरचा पुरता खिळखिळा होईपर्यंत सरळ शून्य. त्या रात्री तो पहिल्यांदा मिसावासारखा उभा राहिला.