पिकअप घेताना गाडीखालून झर्रर्र आवाज, क्लच सेट बदलू का? (इंदूर)

राजेंद्रनगरवाला:
नमस्कार मंडळी. पेट्रोल हॅचबॅक आहे, २०१५ चं मॉडेल, ७८,००० किमी झालेत. मागच्या महिन्यात ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाट चढत होतो. तिसरा गियर, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की खालून ‘झर्रर्र’. पाय उचलला की बंद, दाबला की पुन्हा सुरू. आई शेजारी होती, म्हणाली, “डिकीत डबा वाजतोय का रे?” घाट संपल्यावर थांबून डिकी रिकामी केली. डबा कुठला!

सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले इंजिन माउंट (इंजिनखालचा रबरी आधार) गेलंय. बदललं, ३,२०० रुपये गेले, आवाज तसाच. आता म्हणतात क्लच सेट टाका, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. पण क्लच घसरत नाही, गियर अडत नाहीत. पैसे भरण्याआधी विचारतोय. श्रावणी सोमवारी आईला पुन्हा ओंकारेश्वरला न्यायचंय.

जुनीगाडी:
थांबा, गिअरबॉक्स उतरवू देऊ नका. आवाज कुठून येतो ते न शोधता पार्ट बदलत राहिलं तर पैसे जातात आणि आवाज राहतो. आज घरीच बघा. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, न्यूट्रल. हळूहळू रेस वाढवत २,५००–३,००० आरपीएमपर्यंत (इंजिनचे मिनिटाला फेरे) न्या. उभ्या गाडीत आवाज आला तर चाकं, अ‍ॅक्सल, सीव्ही जॉइंट (अ‍ॅक्सलचा वळणारा सांधा) सगळे संशयातून सुटले, कारण ती फिरतच नाहीत. मग इंजिन, बेल्ट किंवा सायलेन्सरची लाइन उरते. आवाज चालू असताना क्लच पूर्ण दाबा. फरक पडला तर क्लचकडे बघायचं, नाही पडला तर क्लचला दोष देण्यात अर्थ नाही. एसी चालू-बंद करूनही ऐका.

उभ्या गाडीत काहीच आलं नाही आणि फक्त चढावर, वरच्या गियरमध्ये, कमी आरपीएमला गोट्या खळखळल्यासारखं वाजलं, तर ते नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटल्याचा आवाज. त्याला इंजिनवर ओझं लागतं, न्यूट्रलमध्ये येत नाही. तेव्हा आधी गियर खाली घ्यायचा, मग स्पार्क प्लग आणि इंजिनात साचलेला कार्बन बघायचा.

माळव्याची_लेक:
माझा अनुभव वेगळा आहे, पण उपयोगी पडेल. देवास बायपासवर ६० च्या वर गेलं की घूंऽऽ असा आवाज यायचा, मला वाटायचं इंजिन. न्यूट्रल करून गाडी नुसती घरंगळू दिली तरी चालूच. शेवटी लक्षात आलं, उजवीकडे वळवलं की वाढतो. पुढचं डावं व्हील बेअरिंग निघालं. वळताना गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो, म्हणून उलट्या बाजूचं बोलतं. तुमचा आवाज पाय उचलताच थांबतो, त्यामुळे बेअरिंग वाटत नाही.

राजेंद्रनगरवाला:
केलं सगळं. न्यूट्रलमध्ये २,४०० च्या आसपास अगदी तोच आवाज! ३,००० ला नाहीसा होतो, खाली आणताना पुन्हा येतो. क्लच दाबून फरक नाही, एसीनेही नाही. सकाळी गार इंजिनवर जास्त, पंधरा मिनिटं चालल्यावर थोडा कमी. जुनीगाडी काका, आता?

जुनीगाडी:
छान, एवढ्यातच क्लच संशयातून सुटला. ठरावीक आरपीएमलाच वाजतं म्हणजे काहीतरी सैल पत्रा त्या कंपनाशी जुळतोय. माझा पहिला संशय सायलेन्सरच्या पाइपावरच्या हीट शील्डवर, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या पत्र्यावर. तिचे बोल्ट गंजतात, भोकं मोठी होतात आणि पत्रा थरथरायला लागतो. तापल्यावर धातू फुगतो, फट भरते, म्हणून आवाज कमी होतो. इंजिन पूर्ण गार असताना मिस्त्रीला गॅरेजमधल्या, खालून गाडी बघायच्या खड्ड्यावर गाडी घ्यायला सांगा आणि शील्डवर मुठीनं ठोका. सैल असेल तर लगेच बोलेल.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. मॅनिफोल्डचं (इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या पाइपाचं) गॅस्केट, म्हणजे सांध्यातलं पॅकिंग, फुटलं तरी गार इंजिनवर जास्त वाजतं आणि तापल्यावर दबतं. त्याचा आवाज झर्रर्र नसून टकटक असतो आणि सांध्याजवळ काळी काजळी दिसते. तसं दिसलं तर दुरुस्ती होईपर्यंत आईला घेऊन प्रवास नको. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बंद काचांच्या गाडीत तो कळतही नाही. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका.

आणि मिस्त्रीला तोंडी सांगण्यापेक्षा शेजारी बसवून दाखवा. जो दहा मिनिटं चक्कर मारायला येत नाही, त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

राजेंद्रनगरवाला:
निघालं! अन्नपूर्णेकडचे एक वयस्कर मिस्त्री स्वतः शेजारी बसले. मी २,४०० वर धरलं, ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग गाडी खड्ड्यावर. काजळी कुठेच नाही. शील्डच्या तीन बोल्टांपैकी मागचा जागेवर होता, पण भोक गंजून करंगळी जाईल एवढं झालेलं, पत्रा नुसता लटकत होता. त्यांनी पाइपाभोवती स्टीलचा होज क्लॅम्प आवळला, त्या भोकाला मोठा वॉशर लावला. २५० रुपये. गाडी सुरू करून २,४०० वर धरली, तर सायलेन्सरचा नेहमीचा घरघराट सोडून काही नाही. मला क्षणभर विश्वासच बसेना, तीनदा रेस केली.

जुनीगाडी:
फार बरं वाटलं वाचून. जायच्या आधी १००–१५० किमी चालवून क्लॅम्प पुन्हा एकदा आवळून घ्या, नवा क्लॅम्प तापून थोडा सैल होतो. बदललेल्या माउंटचे बोल्टही त्याच वेळी बघायला सांगा.

राजेंद्रनगरवाला:
शनिवारी सकाळी, गार इंजिनवर, दोन्ही करून घेतो. येताना भेरूघाटात तिसऱ्या गियरला आईला विचारेन डबा वाजतोय का.