मिनी ट्रॅक्टरला एकफाळी पलटी नांगर: चाके घसरतात, मदत हवी आहे

पेरूच्या बागेत दोन ओळींत ८ फूटच अंतर असल्याने मोठा ट्रॅक्टर आत नेता येत नाही, म्हणून १८ एचपीच्या टू-व्हील-ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टरला मी एकफाळी पलटी नांगर जोडला आहे. जमीन भारी काळी आहे. वापसा (मशागतीला योग्य ओल) असतानाही फाळ ५ इंचांखाली गेला की मागची चाके जागेवर फिरतात आणि पुढची बाजू उचलली जाते. वजन वाढावे म्हणून मागच्या टायरमध्ये पाणी भरले, टॉप लिंक (नांगर ट्रॅक्टरला वरून जोडणारा दांडा) थोडी लांब केली, फाळाला नवी धार लावली आणि लो गिअरमध्येच चालवले. घसरण कमी झाली, पण थांबली नाही. पेरूची मुळे वरच्या थरात असल्याने मला ६ इंचांहून खोल जायचेही नाही. अशा स्थितीत पुढे वजने लावावीत, की कमी रुंदीचा फाळ घ्यावा, की नांगराआधी कल्टिव्हेटरची (माती उथळ मोकळी करणाऱ्या अवजाराची) एक पाळी देणे पुरेल?