रूट ब्रिज आपण ठरवायचा की स्विचवर सोडायचा?

रॅकवाला:
गेल्या महिन्यात एका कॉलेजचं नेटवर्क बघायला गेलो होतो. दोन नवे कोअर (मुख्य) स्विच, मधे फायबर, आणि तरी सगळ्यांची तक्रार एकच: नेट रांगतंय. रूट ब्रिज, म्हणजे लूप (वाहतूक गोल-गोल फिरवणारी वाट) टाळायला जादा लिंका ब्लॉक करणाऱ्या स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉलचा मुख्य स्विच, शोधला तर तो निघाला ग्रंथालयातला धुळीनं माखलेला जुना स्विच. प्रायॉरिटीला (ज्याचा आकडा लहान तो रूट होतो) कुणी हातच लावला नव्हता, सगळीकडे मुळातला ३२७६८. बरोबरी झाली की लहान मॅक अ‍ॅड्रेसवाला (कारखान्यातून आलेला क्रमांक) जिंकतो, आणि जुन्या स्विचचा मॅक बऱ्याचदा लहान असतो. दोन कोअरमधली थेट लिंक ब्लॉक, आणि त्यांच्यातली सगळी वाहतूक ग्रंथालयाच्या १०० एमबीपीएसच्या पोर्टांतून! एका कोअरला ४०९६, दुसऱ्याला ८१९२ दिले आणि गाडं रुळावर आलं. माझं मत ठाम आहे: प्रायॉरिटी ठरवल्याशिवाय आणि पीसीच्या पोर्टांवर पोर्टफास्ट (पोर्ट लगेच चालू करणारी सोय) नि बीपीडीयू गार्ड (स्पॅनिंग ट्रीचे संदेश, म्हणजे बीपीडीयू, आले की पोर्ट बंद करणारी सोय) लावल्याशिवाय स्विच रॅकमध्ये चढवूच नये.

तालुक्याचा_आयटी:
दादा, कॉलेजचं ठीक आहे. माझ्याकडची ऑफिसं तीन-तीन स्विचची, दुसरी लिंकच नाही. तिथे मी स्पॅनिंग ट्री सरळ बंद ठेवतो. सकाळी पीसी लावला की पोर्ट अर्धा मिनिट अडकतो, डीएचसीपी (आयपी पत्ता मिळणं) हुकतं आणि माझा फोन वाजायला लागतो. बीपीडीयू गार्डचा तर धसकाच घेतलाय. कुणी टेबलावर छोटा मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच जोडला, पोर्ट बंद पडला, आणि तो उघडायला मी ६० किलोमीटर गाडी मारली.

फायबरताई:
अहो, अर्धा मिनिट अडकतं म्हणजे पोर्टफास्ट लावलेला नाही. पोर्ट सुरू होण्याआधी लिसनिंगचे १५ आणि लर्निंगचे १५ सेकंद. रॅपिड मोडमध्येसुद्धा (स्पॅनिंग ट्रीचा वेगवान प्रकार) एज पोर्ट (पीसीसारखं उपकरण लागणारा) सांगितला नाही तर पीसीला तेवढे लागतातच. त्यासाठी अख्खा प्रोटोकॉल बंद करणं मला अजिबात पटत नाही.
दुसरी लिंक नाही म्हणता, पण ती कोण कधी जोडेल ते तुमच्या हातात आहे का? आमच्या ऑफिसात झाडलोट करताना टेबल हलवलं आणि लोंबकळणारं वायरचं टोक कुणीतरी चांगुलपणानं शेजारच्या सॉकेटात खोचलं. स्विचचे सगळे हिरवे दिवे एका तालात फडफडत होते. इथरनेट फ्रेमला आयपीसारखा टीटीएल (फेऱ्या संपल्या की पॅकेट टाकून देणारा आकडा) नसतो, ती फिरतच राहते. एकेक वायर उपसत दुपार गेली. तुमच्या तीन स्विचांतही हेच होईल.

तालुक्याचा_आयटी:
पोर्टफास्टचं मान्य, ताई. उद्याच एका जागी चालू करून बघतो. गार्डचं मात्र नाही. पोर्ट बंद झाला तर तिथे उघडणारं माणूस नाही.

रॅकवाला:
सिस्कोच्या स्विचवर एररडिसेबल रिकव्हरी चालू करा, बीपीडीयू गार्डसाठी. ३०० सेकंदांनी पोर्ट आपोआप उघडतो. तो स्विच किंवा लूप तसाच असेल तर पुन्हा मिटतो. गाडी काढायची गरज नाही.

कन्सोल_केबल:
दोघांनाही एक सांगतो, गार्डवर विसंबू नका. काही स्वस्त अनमॅनेज्ड स्विच बीपीडीयू गिळून टाकतात. त्यांच्या दोन पोर्टांत एकच पॅचकॉर्ड खोचली तर वरच्या स्विचला पत्ताच लागत नाही. तिथे स्टॉर्म कंट्रोलच (पोर्टावरचा वाहतुकीचा पूर रोखणारी मर्यादा) हवा.
आणि मोठ्या जाळ्यात नुसती प्रायॉरिटी देऊनही भागत नाही. २००२ च्या नोव्हेंबरात बॉस्टनच्या बेथ इस्राएल डीकोनेस रुग्णालयाचं नेटवर्क स्पॅनिंग ट्रीपायीच कोलमडलं, डॉक्टर-नर्स काही दिवस कागदावर आले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात स्विचांची जी मर्यादा, तिच्यापलीकडे जाळं पसरलं होतं. मी तर इमारतींमधे लेयर थ्रीच (आयपी पत्त्यांवर चालणारं राउटिंग) टाकतो.

फायबरताई:
लेयर थ्री टाका, पण प्रत्येक इमारतीच्या आत रूट कोण, ते तिथेही ठरवावंच लागेल.