जुन्या लोड बॅलन्सरवरून एचएप्रॉक्सीकडे जाताना आयरूल्सचे काय करावे?

प्रश्न (रात्रपाळी):
आमच्याकडे एफ५ बिग-आयपीची, म्हणजे येणाऱ्या विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सर पेट्यांची, जोडी आहे. तिच्या सपोर्टची मुदत संपत आल्यामुळे लिनक्सच्या दोन सर्व्हरवर एचएप्रॉक्सी (हेच काम करणारे सॉफ्टवेअर) आणि कीपअलाइव्हड (एक सर्व्हर पडला तर पत्ता दुसऱ्याकडे नेणारे) बसवण्याचे ठरले आहे. जुन्या जोडीवर साठेक व्हर्च्युअल सर्व्हर (प्रत्येक सेवेचा बाहेरून दिसणारा पत्ता व पोर्ट) आणि सव्वाशेच्या आसपास आयरूल्स (येणाऱ्या विनंतीचे काय करायचे ते सांगणारे छोटे प्रोग्राम) आहेत, आणि ते लिहिणाऱ्यांपैकी आता कंपनीत कोणीही नाही. टीसीएल या भाषेतले हे नियम एकेक करून नव्या भाषेत उतरवावेत, की पाटी कोरी करून सुरुवात करावी? सगळा बदल एका रात्रीत उरकावा असा वरिष्ठांचा आग्रह आहे. मला तो पटत नाही, पण विरोध करायला नेमके मुद्दे हवे आहेत.

उत्तर (जुना खेळाडू):
नियम उतरवण्याच्या फंदात लगेच पडू नका. प्रत्येक आयरूल किती वेळा चालला याची मोजणी बिग-आयपी स्वतःच ठेवते आणि 'टीएमएसएच शो एलटीएम रूल' या आज्ञेने ती दिसते. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसकडे वळवणे किंवा एखादा हेडर (विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) घालणे एवढेच काम करणारे नियम एचएप्रॉक्सीत एकेका ओळीत बसतात. मात्र मोजणी शून्य दिसली म्हणून नियम निरुपयोगी ठरत नाही. आमच्याकडचा असाच एक 'मेलेला' नियम ३१ मार्चच्या रात्री जागा झाला होता, त्यामुळे किमान एक महिनाअखेर पाहिल्याशिवाय काहीही पुसू नये.

उत्तर (पॅकेटवाला):
आयरूल्स निदान डोळ्यांना दिसतात. मला जास्त भीती वाटते ती कुठेही न लिहिलेल्या वर्तनाची. बिग-आयपीच्या मूळ टीसीपी प्रोफाइलमध्ये निष्क्रिय जोडणी ३०० सेकंद टिकते. एचएप्रॉक्सीच्या ज्या नमुना फाइली सगळे जण उचलतात, त्यांत ही मुदत अनेकदा ५० सेकंद असते. आम्ही ती तशीच ठेवली, आणि तीन मिनिटे चालणारा अहवाल मागणाऱ्या लेखा विभागाला दिवसभर ५०४ (सर्व्हरचे उत्तर वेळेत न आल्याचा एरर) दिसत राहिला. चूक सर्वस्वी आमची होती.

दुसरी बाब ग्राहकाच्या आयपीची. तुमच्याकडे स्नॅट (ग्राहकाच्या पत्त्याऐवजी पेटीचा पत्ता लावणे) बंद असेल आणि सर्व्हरचा डिफॉल्ट गेटवे (उत्तरे बाहेर जाण्याची ठरलेली वाट) बिग-आयपी असेल, तर सर्व्हरला आज ग्राहकाचा खरा पत्ता दिसतो. एचएप्रॉक्सी सर्व्हरशी स्वतःची वेगळी जोडणी करते, त्यामुळे उद्या प्रत्येक लॉगमध्ये तिचाच पत्ता दिसेल आणि पत्त्यावरून परवानगी देणारे ॲप्लिकेशन एक तर सर्वांना आत घेईल किंवा सर्वांना बाहेर ठेवेल. वेबसाठी ग्राहकाचा पत्ता सांगणारा एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर पुरतो. निव्वळ टीसीपी सेवांसाठी प्रॉक्सी प्रोटोकॉल (जोडणीच्या सुरुवातीलाच हा पत्ता कळवणारा) लागतो आणि तो पलीकडच्या सॉफ्टवेअरला समजावा लागतो. शिवाय लिनक्समध्ये बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी पोर्टची मूळ मर्यादा ३२७६८ ते ६०९९९ आहे, म्हणजे एका स्रोत पत्त्यावरून एका सर्व्हरच्या एका पोर्टकडे एका वेळी सुमारे २८ हजार जोडण्या. गर्दीची सेवा असेल तर ही मर्यादा आधीच वाढवून ठेवा.

उत्तर (सावध):
एका रात्रीच्या आग्रहाला माझाही विरोध आहे. सेवा एकेक करून हलवा. डीएनएसचा (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेचा) टीटीएल, म्हणजे तो पत्ता लक्षात ठेवण्याची मुदत, आदल्या दिवशीच ६० सेकंदांवर आणा, कारण जुना टीटीएल संपेपर्यंत लोकांकडे जुनाच पत्ता राहतो. ज्यांनी तुमचा आयपी फायरवॉलमध्ये पक्का नोंदवला आहे त्यांच्यासाठी तोच पत्ता नव्या जोडीवर न्यावा लागेल. त्या वेळी जुन्या पेटीवर त्या पत्त्याचे एआरपी (हा पत्ता माझा, असे नेटवर्कवर सांगणे) आधी बंद करा, नाहीतर दोघेही उत्तर देत बसतील. परत फिरण्याची वाटही हीच, म्हणून जुनी पेटी लगेच काढून टाकू नका. आणखी एक गोष्ट: एचएप्रॉक्सी २.२ पासून ग्राहकाच्या बाजूला टीएलएसची (एचटीटीपीएसमागच्या एन्क्रिप्शनची) मूळ किमान आवृत्ती १.२ आहे, तेव्हा टीएलएस १.० वापरणारी जुनी यंत्रे जोडलेली आहेत का, हे आत्ताच लॉगमधून मोजून घ्या.

रात्रपाळी:
सर्वांचे आभार. आज तपासले तेव्हा सत्तावीस सर्व्हरांचा डिफॉल्ट गेटवे खरोखरच बिग-आयपी निघाला, आणि ही यादी पाहिल्यावर वरिष्ठांनी 'एका रात्रीत' हा शब्द पुन्हा काढला नाही. पहिली सेवा म्हणून कँटीनच्या कूपनची निवडली आहे. ती बंद पडली तर आरडाओरडा होईल, पण पगार अडणार नाही.