श्रमनिरीक्षकाने मळ्यावरील स्थलांतरित मजुरांची कागदपत्रे तपासावीत का?

मूळ मत

मळ्यांवर श्रमनिरीक्षण का होत नाही, असे विचारले की निरीक्षक अपुरे आहेत हे उत्तर तयार असते. ते खोटे नाही. पण निरीक्षक पोहोचतो तेव्हाही परदेशातून आलेला मजूर त्याच्यापुढे तोंड उघडत नाही, याचा विचार क्वचितच होतो. ज्याचा कामाचा परवाना एकाच मालकाशी बांधलेला आहे, ज्याने दलालाचे पैसे भागवण्यासाठी कर्ज काढले आहे आणि ज्याची खोलीही मालकाच्याच आवारात आहे, तो थकलेल्या मजुरीची तक्रार करील कशी? समोरचा अधिकारी परवानाही तपासणार असेल, तर मजुरीबरोबर निवारा आणि देशातील मुक्काम दोन्ही जाण्याची भीती असते. म्हणून हे काम श्रमनिरीक्षकाकडे मुळीच असू नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा शेतीतील निरीक्षणाविषयीचा १९६९ चा करार (क्रमांक १२९) याच दिशेचा आहे: निरीक्षकाला दिवसा वा रात्री पूर्वसूचनेविना प्रवेश असावा, तक्रार कोणी केली हे त्याने उघड करू नये आणि त्याच्याकडे सोपवलेल्या इतर कामांनी मूळ कामात अडथळा येऊ नये.

प्रतिसाद १

मी सहमत नाही. एका कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्याने दुसऱ्या कायद्याच्या भंगाकडे पाठ फिरवावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. तिचा पहिला फटका परवानाधारक मजुरांना पूर्ण मजुरी देणाऱ्या बागायतदाराला बसेल, कारण शेजारचा मळेवाला मुकादमामार्फत कागदपत्रांविना माणसे आणून स्वस्तात तोडणी उरकेल. शिवाय ब्राझीलमध्ये २८ जानेवारी २००४ रोजी उनाई येथे तपासणीसाठी गेलेले तीन श्रमनिरीक्षक आणि त्यांचा वाहनचालक यांची गोळ्या घालून हत्या झाली. पोलीस सोबत नकोत, असे आपण म्हणणार का?

मूळ लेखकाचे उत्तर

पोलीस नकोत, असे मी कोठेही म्हटलेले नाही. ब्राझीलचे फिरते निरीक्षण पथक १९९५ पासून पोलिसांना बरोबर घेऊनच जाते. मात्र तेथे सुटका झालेल्या मजुराची थकबाकी मालकाकडून वसूल केली जाते, त्याला तीन महिने बेरोजगारी भत्ता मिळतो आणि दोषी ठरलेल्या मालकाचे नाव सरकारी यादीत जाहीर होते. प्रामाणिक बागायतदाराच्या नुकसानीबद्दल एवढेच म्हणेन की कागदपत्रे नसलेला मजूर स्वस्त पडतो तो तक्रार करू शकत नाही म्हणून. त्याची थकबाकी वसूल होऊ लागली की शेजाऱ्याचा तो फायदा उरणार नाही.

प्रतिसाद २

आपण दोघेही सरकारी निरीक्षकावर फार भिस्त ठेवत आहात. फ्लोरिडातील टोमॅटोच्या शेतांत मजुरांच्या संघटनेने मोठ्या खरेदीदारांशीच करार केले. खरेदीदार पौंडामागे सुमारे एक सेंट जादा देतात, नियम मोडणाऱ्या शेतमालकाचा माल घेत नाहीत, आणि मजुरांसाठी तक्रारीची दूरध्वनी सेवा चोवीस तास चालू असते. माल अडला की मालक सुधारतो. दंडाची रक्कम तो खर्चात धरून मोकळा होतो.

मूळ लेखकाचे उत्तर

दंडाबद्दलचे निरीक्षण मला मान्य आहे. मलेशियातील दोन मोठ्या पामतेल उत्पादकांचा माल २०२० मध्ये अमेरिकेने सक्तमजुरीच्या संशयावरून अडवला, तेव्हा कोठे मजुरांनी दलालांना मोजलेले शुल्क परत देण्याचे पाऊल त्या कंपन्यांनी उचलले. पण टोमॅटो कोणत्या शेतातला हे सांगता येते. अनेक मळ्यांची फळे एकाच गिरणीत गाळली गेल्यावर तेलाचा थेंब कोणाचा, हे खरेदीदार कसे ठरवणार? आणि ज्या मळ्याचा माल निर्यातच होत नाही, तेथील मजुराने कोणत्या खरेदीदाराकडे पाहावे?

प्रतिसाद ३

एक उणीव दाखवतो. ज्या १२९ व्या कराराचा आपण आधार घेतला, त्यात मजुरांच्या राहणीमानाविषयीच्या नियमांची तपासणी निरीक्षकाकडे द्यावी की नाही, हे प्रत्येक देशावर सोडले आहे. पासपोर्ट काढून घेणे, रात्री बाहेरून कुलूप लावणे, हे प्रकार तर खोल्यांतच घडतात.

मूळ लेखकाचे उत्तर

ही उणीव खरी आहे आणि माझ्या मांडणीत ती राहून गेली होती. बागायतींविषयीच्या १९५८ च्या करारात (क्रमांक ११०) निवासासाठी स्वतंत्र भाग आहे. परंतु तो फार थोड्या देशांनी स्वीकारला आहे. १२९ व्या करारात संमतीची किंवा विशेष परवानगीची अट आहे ती मालकाच्या खासगी घरासाठी. मजुरांच्या बराकींना तेच संरक्षण असल्याचा दावा करून निरीक्षकाला फाटकावर थांबवले जाते, तेथे ही अट वाचून दाखवावी.