हळदीच्या पानावरचे ठिपके: बुरशी नक्की कोणती?

शिक्षिका_वसमत
नमस्कार. आमची दीड एकर सेलम जातीची हळद आहे. गणपतीनंतर खालच्या पानांवर ठिपके आले, आता वरच्या पानांवरही चढलेत. दुकानदाराने पान न बघताच 'करपा आहे' म्हणून दोन औषधं हातात ठेवली. सासरे म्हणाले, आधी रोग ओळख, मग पंप पाठीला लाव. पटलं.

शनिवारी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठिपका खरवडून पाहिला. तपकिरी, गदेसारखे बीजाणू, आत आडव्या-उभ्या दोन्ही भिंती. पुस्तकातल्या चित्राप्रमाणे ही अल्टरनेरिया नावाची बुरशी. पण हळदीच्या रोगांत सगळीकडे कोलेटोट्रायकम आणि टॅफ्रिना या दोनच बुरश्यांची नावं दिसतात. माझं कुठे चुकतंय?

पान_आणि_भिंग
ताई, बीजाणू तुम्ही बरोबर ओळखलेत. ती अल्टरनेरियाच. आता दोन गोष्टी सांगा: पान कशात ठेवलं होतं, आणि ठिपक्याचा कुठला भाग खरवडला?

शिक्षिका_वसमत
गुरुवारी तोडलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं. खरवडला तो मधला वाळलेला भाग.

पान_आणि_भिंग
मग उलगडा झाला. मी वनस्पती रोगशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली. पिशवीत घाम सुटलेली पानं रोज यायची आणि प्रत्येकावर अल्टरनेरिया नाहीतर क्लॅडोस्पोरियम सापडायची. मेलेल्या पेशींवर या बुरश्या आयत्या येऊन बसतात. ठिपक्यावर सापडली म्हणजे ठिपका तिनेच पाडला, असं होत नाही. खरा रोगकारक जिथे हिरवं आणि तपकिरी भेटतं त्या कडेला असतो. तुकडा तिथलाच घ्यायचा, अर्धा निरोगी, अर्धा रोगट.

आधी नुसत्या डोळ्यांनी बघा. टॅफ्रिनाचे डाग बारीक, पिवळट-तपकिरी, शिरांच्या मध्ये रांगेने, पानाच्या दोन्ही बाजूंना आणि असंख्य. हळदीवरच्या या बुरशीला बुरशीशास्त्रज्ञ बटलर यांनी 1911 मध्ये टॅफ्रिना मॅक्युलन्स हे नाव दिलं. कोलेटोट्रायकमचा ठिपका मोठा, लांबट, वाढून 4-5 सेंटिमीटरचा होतो. मध्ये राखाडी, भोवती तपकिरी कडा, बाहेर पिवळी झाक. दहापट भिंगातून मधोमध काळे टिंब वर्तुळावर वर्तुळ मांडल्यासारखे दिसतात.

आता ताजं पान वर्तमानपत्रात गुंडाळून आणा. कडेचे 5 मिलिमीटरचे तुकडे 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये (वरवरच्या बुरश्या मारणारं ब्लीच) मिनिटभर बुडवा, उकळून गार केलेल्या पाण्यात तीनदा धुवा. झाकणाच्या काचेच्या बशीत ओला टीपकागद, त्यावर दोन काड्या, काड्यांवर तुकडे. दोन-तीन दिवस सावलीत राहू द्या. मग चिकटपट्टीचा तुकडा हलकेच टेकवून लॅक्टोफेनॉल कॉटन ब्ल्यूच्या (बुरशीला निळा रंग देणारं द्रावण) थेंबावर लावा आणि 400 पटीत बघा. पट्टी दाबू नका, दाबली की बीजाणू विखुरतात आणि कशावर कसे उगवले ते कळत नाही.

सांगली_हळदकरी
ताई, शेजारी मिरची आहे का? हळदीवरचा कोलेटोट्रायकम कॅप्सिसी मिरचीवरही येतो. आणि तसं निघालं तर या प्लॉटचं बेणं धरू नका, गड्ड्यावरच्या खवल्यांत बुरशी टिकून राहते.

शिक्षिका_वसमत
मिरची बांधापलीकडेच आहे, आठ सरी.

आज चौथा दिवस. काळ्या टिंबांतून ताठ काळे केस वर आलेत, ब्रशच्या दातांसारखे. त्यांच्या बुडाशी बीजाणूंचा पुंजका: रंगहीन, एकही भिंत नाही, दोन्ही टोकांना निमुळते आणि चक्क विळ्यासारखे वाकलेले. मधोमध तेलाचा एक थेंब. नववीच्या मुलींनी रांग लावून बघितलं. अल्टरनेरिया बारा तुकड्यांपैकी एकावरच.

पान_आणि_भिंग
विळा आणि काळे केस म्हणजे कोलेटोट्रायकम, यात शंका नाही. कॅप्सिसीचंच हे वर्णन. नव्या पुस्तकांत त्याला ट्रंकेटम म्हणतात. जातीवर शिक्कामोर्तब करायचं तर शुद्ध वाढ आणि जनुकांची तपासणी लागते, फवारणी ठरवायला तेवढ्याची गरज नाही.

एक मात्र मुलींकडून करून घ्या. कुंडीतल्या निरोगी हळदीच्या दोन पानांवर हे बीजाणू पाण्यात कालवून शिंपडा, दोन पानांवर नुसतं पाणी. दोन दिवस कुंडी प्लॅस्टिकने झाका. बीजाणूंच्या पानांवर तसाच ठिपका उठला आणि त्यातून पुन्हा हाच विळा निघाला, तर चोर पकडला.

शिक्षिका_वसमत
कुंड्या सोमवारी भरते, काका. रोगट पानं आजच तोडून जाळली. बेणं भावाच्या शेतातून आणायचं ठरलंय, तिथली पानं आधी भिंगाखाली बघून.