पाटे बसलेल्या गाडीचे अनुभव सांगा

काल मोरजीला एक पिकअप बघितली. हौद्यावर फायबरचं घर, आणि मागचे पाटे, म्हणजे ॲक्सलवरच्या वाकवलेल्या स्प्रिंगच्या पट्ट्या, इतके बसलेले की दिव्यांचा उजेड थेट माडाच्या शेंड्यावर. माझीच आठवली. २०१९ साली मी आणि भावाने हौद्यात प्लायवुडची खोली केली. पलंग, शेगडी, १०० लिटरची पाण्याची टाकी. म्हणजे पाण्याचेच १०० किलो, आणि टाकी अगदी मागच्या फाळक्याला टेकून, नळ बाहेरून सोडता यावा म्हणून! चोर्ला घाटात स्टीअरिंग इतकं हलकं लागायला लागलं की घाम फुटला. साखळीच्या मिस्त्रीने खाली वाकून बघितलं, "बाब, पाट्यांची होडी पालथी झालीय." दोन्हीकडे एकेक पाटा वाढवला, पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवे घातले, टाकी केबिनकडे सरकवली. मला विचाराल तर अर्धं काम टाकीनेच केलं. तुमचं सांगा.

खटारावाला: पाटा वाढवला आणि रिकामी गाडी बैलगाडी झाली. म्हापशाच्या बाजारातून आणलेली अंडी घरी पोचेपर्यंत आम्लेट. बायको अजून ऐकवते.

डिचोलीकर: यू-बोल्ट शे-दोनशे किलोमीटरनंतर परत आवळलेस ना? आम्ही विसरलो. पाट्यांच्या मधोमधचा सेंटर बोल्ट तुटला, ॲक्सल सरकला, गाडी खेकड्यासारखी तिरकी. अनमोडच्या अलीकडे रात्र काढली. डास!!

सुरंगी: पाटे वाढले म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही हां. ब्रेक, टायर, ॲक्सल जुनेच असतात. आमच्या दादाला हे पटवता पटवता चवथ आली.

खटारावाला: चवथीवरून आठवलं, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान कोण आणतंय यंदा? माझी गाडी आहे, पाटेही भक्कम आहेत 😀

पेडणेकर काका: मी पाट्याच्या जोडीला हवेचे फुगे लावले. रिकामी असली की हवा कमी, घर चढवलं की जास्त. पण अगदी रिकामे ठेवून चालवायचे नाहीत, रबर चिमटतं. एक असाच फाटला.

सुरंगी: काका, किनाऱ्यावर गंजाचं काय करता? आमच्या पाट्यांचे पापुद्रे निघतात.

पेडणेकर काका: दर रविवारी खालून गोड्या पाण्याने धुतो. दुसरं काय करणार. जेवण झालं, भांडी राहिलीत, येतो.

डिचोलीकर: धागाकर्ते, त्या प्लायवुडच्या खोलीचं काय झालं?

एका पावसात फुगली. आता परसात आहे, कोंबड्या राहतात. खटारावाल्या, अंडी हवीत तर चालत ये.